बीजींच्या बाजूची भिंत

शैलजा दुपारी आडवी झाली की भिंत ठोके द्यायला लागे.

धप्प. जरा थांबून, धप्प, धप्प. कुणी गव्हाचं पोतं उचलून भिंतीवर टाकावं तसा बोदा, जड आवाज. त्यामागून काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखं व्हायचं, आणि मग एवढं सामसूम की त्या सामसुमीनंच तिच्या छातीत धडधडायला लागावं. लीना शाळेतून यायला अवकाश असायचा. नवरा, दिगंबर, डेराबस्सीच्या कारखान्यावर. खालचा फ्लॅट कुलूपबंद, मालक परदेशात. वर बँकेतलं नवराबायकोचं जोडपं, दोघंही दिवसभर बाहेर. म्हणजे त्या अख्ख्या जिन्यात दुपारची शैलजा एकटी, आणि भिंतीपलीकडे बीजी. बीजीही एकट्याच, असं बीजी सांगायच्या.

नव्वद साल सरत आलं होतं. आदल्या वर्षी चंडीगडला बदली झाल्याचं कळलं तेव्हा सोलापुरात भावकीतल्या एकूणएक माणसानं येऊन शैलजाला भीती घालून झाली होती. नणंद तर डोळ्याला पदर लावूनच आली. पंजाबात रोज किती माणसं मारतायत ते पेपरात वाचता ना, म्हणाली. दिगंबर एक्साइज खात्यात, औषधांच्या कारखान्यावर नेमलेला. तो म्हणाला, "सरकारला काय कळवू? ताईनं पेपर वाचलाय, येत नाही म्हणून?" आणि ते आले. तीन ट्रंका, एक लोखंडी कपाट, डझनभर सोलापुरी चादरी, आणि शैलजाच्या आईचा बिडाचा खलबत्ता. चादरी बदलीच्या प्रत्येक गावी वाटायला लागतात. खलबत्ता मात्र कुणाला द्यायचा नसतो. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणीशिवाय भाकरी गिळत नाही, आणि शेंगाचटणी मिक्सरवर केली तर तिला चटणी म्हणायचं पाप लागतं.

हाऊसिंग बोर्डाच्या त्या फ्लॅटमध्ये सामान चढत होतं तेव्हाच शेजारचं दार उघडलं आणि गुरमेज कौर बाहेर आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, पांढरी ओढणी, हातात किटली. "सामान बाद में, पुत्तर. पहले खाओ." कोबीचे पराठे होते. त्यांना सगळा जिना बीजी म्हणायचा, शैलजाही म्हणायला लागली. तिनं पहिली चादर त्यांनाच दिली, मोराची नक्षी असलेली, लाल. त्या सगळ्या थंडीत बीजींनी तिला उन्हात हिरवळीवर बसवून विणकाम शिकवलं. लीनाच्या स्वेटरचा गळा दोनदा उसवून घेतला. मुलाचा फोटोही दाखवला होता. जसबीर, पतियाळाच्या कॉलेजात, हातात व्हॉलीबॉल आणि ओठावर नुकती फुटलेली मिसरूड.

दसऱ्यापासून मात्र बीजींचं दार बंद झालं. उन्हात येणं बंद, विणकाम बंद. भाजीच्या गाडीपाशी गाठ पडली तर "तबीयत ठीक नहीं" एवढंच. जसबीर कसा आहे, असं शैलजानं एकदा विचारलं.

"बाहर है," बीजी म्हणाल्या.

बाहेर म्हणजे कुठं, ते विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. पण दाराशी दुधाची एक पिशवी असायची तिथं आता दोन दिसायला लागल्या. आणि भिंतीतून खोकला यायचा. बीजींचा खोकला शैलजाला ठाऊक होता, बारीक, शिक्षिकेचा, वर्ग गप्प करणारा. हा जाडा होता.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बीजींकडं कुणीतरी आहे."

"असेल पाहुणा."

"पाहुणा दोन महिने खोकतो, पण जिन्यात दिसत नाही होय?"

दिगंबरनं हातातला घास ताटात ठेवला. "शैला, तू काही ऐकलं नाहीस."

"ऐकलंय म्हणून तर सांगतेय."

"मी विचारत नाहीये. सांगतोय."

मग त्यानं लीना आतल्या खोलीत आहेसं बघून घेतलं आणि हलक्या आवाजात ऑफिसात कानावर आलेलं सांगितलं. कुठल्याशा सेक्टरात एका घरात अतिरेकी पोरं लपलेली सापडली. शेजाऱ्यांनी आधी खबर दिली होती, तर त्यांच्या दारावर कुणी गोळ्या झाडल्या. वरच्या मजल्यावरचे काही बोलले नव्हते, तर त्यांना पोलिसांनी नेऊन बसवलं, इतके दिवस गप्प का होतात म्हणून. "बोललं तरी मरण, नाही बोललं तरी मरण. मधनं जायला एकच वाट आहे. ठाऊकच नसणं." ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, अशी त्या खात्याची शिकवण, आणि दिगंबर सोळा आणे खात्याचा माणूस.

तेव्हा ठरलं असं, की भिंत गप्प करायची. आवाजच आला नाही तर ऐकायचा प्रश्न नाही, आणि कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगता येईल.

रविवारी जेवणं झाल्यावर दिगंबर कामाला लागला. आधी दोघांनी लोखंडी कपाट ढकलत त्या भिंतीला नेऊन लावलं. मग भिंतीतलं कपाट. त्या फ्लॅटना भिंतीतच कोनाडा करून लाकडी दारं बसवलेली होती, आणि बीजींच्या घरातला कोनाडा नेमका याच्याच पाठीला. मधे काय असेल ते एका उभ्या विटेचं. खोकला यायचा तो तिथूनच. तिथं शैलजानं गाद्या, उशा, जुने दिवाळी अंक, लीनाचे आखूड झालेले कोट असं ठासून भरलं. उरलेल्या भिंतीवर दुहेरी चादरी टांगायच्या.

"मम्मी, ये तो टेंट हाउस लग रहा है," लीना म्हणाली. नऊ वर्षांची होती. मराठी कळायची सगळी, पण उत्तर हिंदीत.

"लागू दे. थंडी अडते."

"और मेरे फ्रेंड्स आएँगे तो?"

"मैत्रिणींना म्हणावं आमच्याकडं लग्न आहे."

दिगंबर स्टुलावर चढला, दातांत खिळे. एक ठोकला, दुसरा ठोकला. तिसऱ्यावर हातोडी पडली आणि भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं.

आवाज पुरुषाचा होता. त्यात शब्द नव्हता. जनावर अडकल्यावर ओरडतं तसं होतं ते, आणि मधेच दाबल्यासारखं तुटलं. तोंडावर कुणी हात ठेवावा तसं. मग काहीतरी पडल्याचं ऐकू आलं.

दिगंबरचा हात वरच राहिला. लीनानं आईची साडी धरली.

"टीव्ही," दिगंबर खिळे दातांतून काढत म्हणाला. "रविवारचा पिक्चर असेल."

त्यांचा स्वतःचा टीव्ही समोर चालूच होता आणि त्यात एक बाई शेतीची माहिती देत होती. उरलेल्या चादरी शैलजानं कपाटाच्या डोक्यावरून दोरी बांधून सोडल्या. खिळा पुन्हा कुणी हातात धरला नाही.

चादरींचा गुण आला, नाही असं नाही. खोकला गेला, बोलण्याची कुजबुज गेली, भांड्यांचा आवाज गेला. ठोके मात्र जसेच्या तसे राहिले. उलट बारीकसारीक गेल्यामुळं तेवढेच कानात भरायला लागले, आणि चादरीची कड किंचित हलते की काय असं वाटून शैलजा तिकडंच बघत पडायची. पोटाशी पाय घेऊन. आता येईल, आता येईल. यायचाच. कामं उरकून, चटणीबिटणी कुटून, हात धुऊन पाठ टेकली की पहिला धप्प. जसं काही पलीकडच्याला ठाऊक होतं ती कधी आडवी होते ते.

हा विचार आला त्या दिवसापासून तिनं आडवं होणंच सोडलं.

मग तो माणूस आला.

संध्याकाळचा चहा उकळत होता. धुकं लवकर उतरलं होतं आणि दिगंबरची बस यायची होती. अंबाला रोडवरच्या बसबद्दल शैलजा रोज या वेळेला काय काय मनात आणायची ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तो खिडकीपाशी बसत नाही, मधे बसतो, एवढं त्यानं सांगून ठेवलेलं होतं आणि त्यातच ती समाधान मानायची. बेल वाजली तेव्हा तोच म्हणून तिनं दार उघडलं. दारात साध्या कपड्यांतला एक गृहस्थ, काखेत हेल्मेट, अंगात तपकिरी स्वेटर. ओळखपत्र त्यानं असं दाखवलं की दिसावं पण वाचता येऊ नये.

"बहनजी, दो मिनट." आणि आत आला.

तो चांगला बोलत होता. त्यामुळंच तिनं उघडं दार मागं लावून घेतलं नाही. किती दिवस झाले इथं, साहेब कुठल्या डिपार्टमेंटला, महाराष्ट्रातले का, वा, माझा मेव्हणा पुण्याला होता. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथंच थांबली.

"ये दीवार पर रजाई किसलिए?"

"ठंड जी. ये दीवार से ठंड आती है."

"ये तो अंदर की दीवार है, बहनजी. इसके पीछे तो सरदारनी का घर है. उधर की ठंड आती है?"

तो हसला. ती हसली नाही. चहा उतू गेला आणि जळल्याचा वास आला, पण गॅस बंद करायला जावं की जाऊ नये ते तिला सुचेना.

"शिकायत आई है," तो म्हणाला. "इस जीने से दोपहर में आवाज आती है. लोहे की. ठक, ठक, जैसे कोई लोहा कूट रहा हो. कुछ बना रहा हो. आपने सुनी होगी. आप तो घर में ही होती हैं."

शैलजाच्या मनात आलं, लोखंडाची? लोखंडाची कुठं आहे, बोदी आहे. जिभेवर आलेलं तिनं गिळलं. "मैं दोपहर को सोती जी. मुझे कुछ सुनाई नहीं देता."

"इतनी चादरों में कैसे देगा," तो म्हणाला, आणि उठला. दाराशी वळून अगदी घरच्यासारखा म्हणाला, "कल इसी टाइम आऊँगा. आराम से सोचिए. फिर मैं साथ वाले घर में भी जाऊँगा, पर पहले आपसे सुन लूँ. आप बाहर के लोग हो, आपको किससे क्या लेना."

दिगंबर आल्यावर तिनं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. जेवताना तो एकदाच बोलला, "नाही ऐकलं म्हणायचं." आणि हात धुताना पुन्हा, नळाकडं बघत, "मी सुट्टी घेतो उद्या."

"तुम्ही घरात बसलात तर त्याला वाटेल काहीतरी आहे. जा तुम्ही."

सकाळी तो गेला. जाताना त्यानं दाराची कडी दोनदा वर-खाली करून बघितली. दार किती मजबूत आहे ते बघत होता की काय, कोण जाणे.

शैलजाला काही सुधरेना. हात रिकामे ठेवायला नकोत, म्हणून तिनं शेंगदाणे भाजायला घेतले. बरणीत चटणी संपलेलीच होती. दाणे पाखडले, लसूण सोलला, तिखट-मीठ-जिरं घेतलं, आणि नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गार फरशीवर खलबत्ता ठेवून पाठ भिंतीला लावून बसली. कुटायला लागली. बत्त्याच्या ठणठणाटात दुसरं काही ऐकू येण्याची सोय नसते, आणि त्या दिवशी तिला तेच हवं होतं.

दाण्यांचं पीठ झालं, लसूण गेला, आता तेल सुटायचं. ती दम खायला थांबली.

धप्प.

पाठीलाच बसला. भिंतीला टेकलेल्या पाठीला, मणक्यात. धप्प, धप्प, धप्प.

ती तशीच बसून राहिली. ठोके मंदावले, थांबले. तिनं बत्ता उचलला आणि, का ते तिलाही सांगता आलं नसतं, चार घाव घातले. थांबली.

धप्प. धप्प.

पुन्हा चार घातले. पुन्हा आलं. आता त्यात घाई होती.

शैलजानं बत्ता असा खाली ठेवला की जसं काही तो तापलेला होता. लोखंडाची ठकठक. दुपारची. कुणीतरी लोखंड कुटतंय. आणि आपण आडव्या झाल्यावर नाही, आपलं कुटून झाल्यावर. रोज काही ना काही, या गार फरशीवर, या सामाईक भिंतीला पाठ लावून. सोलापुरात आई खलबत्त्याखाली पोत्याची चौपदरी घडी घालायची. खालचे भाडेकरू झोपलेले असतात ग, म्हणायची. इथं खालचा फ्लॅट रिकामा म्हणून शैलजानं पोतं कधी घातलंच नव्हतं. खाली कुणी नाही एवढं तिनं बघितलं होतं. बाजूला कोण आहे ते बघायचं राहिलं.

ती उठली, कोनाड्याची दारं उघडली आणि गाद्या, अंक, कोट सगळं भराभर ओढून जमिनीवर टाकलं. डोकं आत घालून त्या उभ्या विटेला कान लावला.

बीजी बोलत होत्या. अगदी जवळून, जणू त्यांचंही डोकं पलीकडच्या कोनाड्यात होतं.

"बूट नहीं, पुत्त. बूट नहीं. नाल वाली मूंगफली कुट्टदी ऐ. ओ चले गए. तू घर ऐं. सिर ना मार, मेरा चन्न, सिर ना मार."

पंजाबी तिला अर्धीमुर्धीच यायची. पण हे कळायला भाषा लागत नव्हती. शेजारीण शेंगा कुटतेय, ते बूट नाहीत, ते लोक गेले, तू घरी आहेस. डोकं आपटू नकोस. कुणाच्या तरी बुटांखाली हा पोरगा कधीतरी सापडला होता. आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, जसबीरचाच असणार, दातांवर दात आपटत असल्यासारखा, आईला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारणारा.

म्हणजे बीजींना ठाऊक होतं. एवढे महिने त्यांना ठाऊक होतं ही काय कुटते ते, आणि एकदा येऊन त्यांना म्हणता आलं नव्हतं, बेटी, बंद कर. का बंद करू असं हिनं विचारलं असतं, तर पोरगा घरात आहे हे सांगावं लागलं असतं.

शैलजा कोनाड्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना चुना लागला होता. तिला रडायला यायला पाहिजे होतं, पण भीतीच वाढली. आधी ती पोराला भीत होती. आता तो येणारा माणूस, आणि तो पोरगा, आणि मधे तिची जीभ. तिच्या खलबत्त्यानं त्या माणसाला जिन्यापर्यंत आणलं होतं. ती "नाही ऐकलं" म्हणाली तर तो सरळ पुढचं दार वाजवणार.

तिनं बीजींची बेल दाबली. बऱ्याच वेळानं साखळीएवढं दार उघडलं. बीजी दिसल्या, किंवा बीजींचं उरलेलं काय होतं ते. त्यांच्या खांद्यावरून मागं, सामाईक भिंतीवर एक गादी उभी केलेली दिसत होती आणि गादीवर खिळ्यांनी ठोकलेली लाल चादर, मोराची. शैलजा त्या मोरांकडं बघतच राहिली. एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना सोलापूर टांगलेलं होतं.

"बीजी, मेरे घर से आवाज होती है," ती म्हणाली. "चटनी कूटती मैं. आपको तकलीफ होती होगी."

"मैनूं कोई आवाज नहीं आंदी," बीजी म्हणाल्या. पाठ केल्यासारखं. "मैं ते कल्ली रहनी आं."

एकटी राहते, आवाज येत नाही. त्यातलं दुसरं वाक्य शैलजानंही पाठ केलेलं होतं. तिला ते ओळखू आलं.

"हां बीजी. कल एक आदमी आया था. आवाज का पूछने. आज फिर आएगा." बीजींचा दारावरचा हात पांढरा पडला. "वो लोहे की आवाज पूछता है. मेरी चटनी की. मैं उसको कूट के दिखाऊँगी, बस. दिखा दिया तो चला जाएगा. मगर कूटना पड़ेगा."

आत काहीतरी हललं आणि बीजींनी मागं न बघता दार आणखी ओढून घेतलं. फटीतून एक डोळा तेवढा उरला.

"किन्नी देर?" त्यांनी विचारलं.

"एक मुट्ठी दाने, बीजी. एक मुट्ठी का ही."

दार लागलं.

तो माणूस वेळेवर आला. लीनाला शैलजानं कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडं पाठवून दिलं होतं. भिंतीवरच्या चादरी खाली उतरवलेल्या. एकीची चौपदरी घडी करून, वर पोतं घालून, स्वयंपाकघराच्या अगदी दुसऱ्या टोकाला तिनं खलबत्ता मांडून ठेवला होता.

"सोचा?" तो खुर्चीत बसत म्हणाला.

"सोचा जी. आवाज मेरी है."

तो तिच्याकडं बघत राहिला.

"मैं चटनी कूटती. हमारे सोलापूर की. ऊपरवाले बँक में हैं, कभी छुट्टी पर होंगे, उन्होंने सुना होगा. मुझे शरम आई जी. इसलिए चादरें टाँगी थीं, कि आवाज बाहर न जाए. कल आपको कैसे बोलती, एक चटनी के लिए पुलिस आई करके."

हे तिनं सकाळपासून इतक्यांदा घोकलं होतं की शेवटी तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. काही अंशी होतंही.

"दिखाइए," तो म्हणाला, आणि तिच्यामागून स्वयंपाकघरात आला.

ती बसली. मूठभर दाणे टाकले. पदराला हात पुसून बत्ता उचलला. पहिला घाव. पोत्यामुळं आवाज मऊ झाला.

"इतना ही? शिकायत तो जोर की थी."

"दाने ज्यादा हो तो जोर लगता जी."

"तो लगाइए."

शैलजानं जोर लावला. ठण. ठण. तिचे कान मात्र पाठीमागं लागले होते, त्या उघड्या भिंतीकडं. पलीकडं बीजींनी टेपवर शबद, गुरुबाणीचं भजन, लावला होता, तो ऐकू येत होता, आणि रोजच्यापेक्षा मोठा होता. देवा गणराया, त्या पोराचं डोकं आईच्या मांडीत राहू दे. ठण. ठण. तिनं लसूण टाकला.

धप्प.

तिनं तो ऐकला आणि त्याच क्षणी बत्ता खाली आणला, आणि मग थांबलीच नाही. दुसरा ठोका आला असेल तर तिच्या घावाखाली आला, तिसरा आला असेल तर तोही. ती अशी कुटत होती की जणू तिच्या अंगात आलं होतं. दाण्यांचं पीठ, पिठाचा गोळा, गोळ्याला तेल, तेल खलाच्या कडेला. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. तो माणूस काहीतरी बोलत होता. तिनं ऐकू येत नाही अशी मान हलवली आणि कुटत राहिली.

शेवटी त्यानं वाकून तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. "बस, बहनजी. बस. समझ गया."

ती थांबली. शबद चालू होता. बाकी काही नाही.

त्यानं बोटानं चटणी उचलून तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि तिखट लागल्यावर सगळ्यांचा होतो तसा त्याचाही चेहरा झाला. "ये खाते हो आप लोग?"

"रोज जी. रोटी के साथ."

जिन्यात आल्यावर मात्र तो बीजींच्या दाराकडं वळला. हेल्मेट उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि उजवा बेलकडं नेला. शैलजानं धावत जाऊन खलातली सगळी चटणी बरणीत कोंबली आणि ती तेलकट बरणी त्याच्या त्या उजव्या हातातच देऊन टाकली.

"ले जाइए जी. घर में बच्चों को. दही में मिलाना, तीखा कम लगेगा."

तो बरणी धरून उभा राहिला. एका हातात हेल्मेट, एका हातात बरणी, आणि बोटांवरून तेल मनगटाकडं उतरायला लागलेलं. त्यानं बेलकडं बघितलं, बरणीकडं बघितलं. मग म्हणाला, "पाठ हो रहा है उनका."

"इस टाइम होता ही है."

"हूँ." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. न वळता म्हणाला, "चादरें अब मत टाँगना, बहनजी. ढकी हुई दीवार देख के आदमी को शक होता है."

त्याला काय काय कळलं होतं, ते शैलजाला कधीच समजलं नाही. खाली स्कूटर चालू झाली, लांब गेली. ती जिन्यातच खाली बसली. भिंतीपलीकडं टेप थांबला होता.

त्यानंतर खलबत्ता ट्रंकेत गेला. शैलजा आता दाणे वर्तमानपत्राच्या दोन कागदांत घालून लाटण्यानं चिरडते. आवाज होतो तो कागदाचा, सुकं पान पायाखाली आल्यासारखा.

"चटणी भरड झालीय," दिगंबर म्हणाला. "तेल नाही सुटलं."

"खावा तशीच."

तो भिंतीकडं बघून तशीच खायला लागला. भिंत आता उघडी होती, तीन खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. कोनाडाही रिकामा. म्हणजे आता सगळं ऐकू यायचं, जाडा खोकलासुद्धा, बीजींचं रात्रंदिवस समजावणंसुद्धा. एकदा तर तो हसल्यासारखंही वाटलं, पण तो बीजींचाच खोकला असेल. जिन्यात कुणी असलं आणि पलीकडं खोकला लागला, की शैलजा आपला रेडिओ मोठा करायची. लीना वैतागायची. "मम्मी, इतना लाउड क्यों?"

"मला आता कमी ऐकू येतं," शैलजा म्हणायची.

जानेवारीतल्या एका धुक्याच्या संध्याकाळी ती अशीच दाणे चिरडत बसली होती. पलीकडं ताटली ठेवल्याचा आवाज झाला, कुणीतरी पाणी मागितलं. तेवढ्यात खालून जिन्यावर पावलं वाजली. बुटांची, जड, एकापेक्षा जास्त माणसांची. शैलजाचं लाटणं कागदावर थांबलं. भिंतीपलीकडची ताटली थांबली. पावलं पहिल्या वळणाला आली, त्यांच्या मजल्यावर आली. दोन्ही घरांत कुणी श्वास घेत नव्हतं.

"अरे, लाइट तो जला," बँकेतल्या गृहस्थांचा आवाज आला, पाहुण्यांना वाट दाखवणारा. पावलं वर चढून गेली.

शैलजा तरीही थांबली. पलीकडं पुन्हा ताटली वाजेपर्यंत. मग तिनं लाटणं हळूच पुढं ढकललं.